लिंबावरची गुळवेल : उपयोग आणि सावधगिरी

गुळवेल ओळखत नाहीं असा शेतकरी महाराष्ट्रांत विरळाच. बांधावरच्या लिंबावर, विहिरीकांठच्या आंब्यावर, कुंपणाच्या निवडुंगावर ती आपोआप चढते. खालून तोडली तरी वर राहिलेल्या तुकड्यास अधांतरीं मुळें फुटतात, आणि तीं सुतळीसारखीं लोंबत लोंबत जमिनीस येऊन भिडतात. या चिवटपणामुळेंच संस्कृत ग्रंथकारांनीं तिला ‘छिन्नरुहा’, म्हणजे तोडली असतां पुन्हां वाढणारी, असें नांव दिलें. ‘अमृता’ हें तिचें दुसरें नांव. रामरावणांच्या युद्धांत पडलेल्या वानरांवर इंद्रानें अमृत शिंपडलें व त्यांच्या अंगावरून जे थेंब भूमीवर पडले त्यांतून ही वेल उगवली, अशी कथा भावप्रकाशांत आहे. चरकानेंहि वय राखणाऱ्या दहा औषधींत तिची गणना केली आहे. अशा कुळशीलाच्या वनस्पतीविषयीं शंका काढलेली कित्येकांस रुचणार नाहीं. मलाहि ती रुचली नव्हती. परंतु गेल्या कांहीं वर्षांत जें पाहिलें, विचारलें आणि वाचलें, तें मंडळाच्या सभासदांपुढें मांडणें अवश्य वाटतें. कारण ही वेल आपल्यापैकीं बहुतेकांच्या बांधावर आहे, आणि दारीं आलेल्यास झाडपाला नाहीं म्हणण्याची आपल्यांत रीत नाहीं.

आमच्या मळ्यांत विहिरीजवळ एक जुना कडुनिंब आहे. त्यावर वडिलांच्या वेळेपासून गुळवेल चढलेली आहे. तिचें बुंध्याजवळचें कांड मनगटाएवढें जाड आहे. २०२० सालीं करोनाची सांथ आली व टाळेबंदी झाली, तेव्हां या वेलीला असा भाव आला कीं, पूर्वी कधीं आला नव्हता. सरकारनेंच तुळस, दालचिनी, सुंठ व मिरें यांचा काढा घेण्यास सुचविलें होतें. त्यांत लोकांनीं आपल्या मतानें गुळवेल घातली. सकाळपासून माणसें येत. कोणी हातभर कांडी नेई, कोणी पोत्यांत भरून पाहुण्यांकडे धाडी. मी त्या वेळीं महसूल खात्यांत कारकून होतों. नोकरीचीं चार वर्षें उरलीं होतीं. कारकुनाची खोड म्हणा, मीं एक वही केली व तींत तारीख, नेणाऱ्याचें नांव आणि किती कांड्या नेल्या तें लिहूं लागलों. पैसा घेतला नाहीं. पुण्य पदरीं पडत आहे अशीच समजूत होती. दिवाळीपर्यंत वहींत एकतीस नांवें झालीं.

त्यांतलें सातवें नांव माझ्या थोरल्या चुलतभावाचें होतें. त्यांच्या घरीं वहिनींनीं आषाढांत काढा सुरू केला. वीतभर ओली कांडी ठेचून, तींत दालचिनीचा तुकडा व चार मिरीं टाकून, दोन पेले पाण्याचा एक पेला उरवीत आणि रोज अनशापोटीं घेत. घरांतल्या पुरुषांनीं कडूपणाला कंटाळून पंधरवड्यांत सोडला. वहिनींनीं सोडला नाहीं, कारण बायकांचें सोसणें मोठें. आश्विनांत त्यांची अन्नावरची वासना गेली, थकवा वाटूं लागला, लघवी तांबूस होऊं लागली. उपासांमुळें झालें असेल म्हणून आठ दिवस गेले. मग डोळे पिवळे दिसले. आणि येथेंच या सर्व प्रकरणांतली चमत्कारिक गोष्ट घडली : कावीळ झाली असें पाहून घरच्यांनीं काढा दुप्पट केला. गुळवेल काविळीवर चालते हें सर्वांस ठाऊक होतें, मलाहि. वाढीव कांड्या मींच पाठविल्या. वहींत ती नोंद आहे.

शहरांतल्या रुग्णालयांत नेलें तेव्हां बिलिरुबिन चौदावर गेलें होतें. पसरणाऱ्या काविळीच्या तपासण्या केल्या, त्यांत कांहीं निघालें नाहीं. पित्ताच्या वाटेंत खडा नव्हता. डॉक्टरांनीं औषधें कोणतीं चालू आहेत म्हणून विचारलें, तेव्हां वहिनींनीं थायरॉईडची गोळी तेवढी सांगितली. तीनदां विचारल्यावर म्हणाल्या, ‘‘औषध नाहीं हो दुसरें. भाऊजींनीं दिलेला पाला तेवढा घेतें.’’ डॉक्टरांनीं तो त्याच दिवशीं बंद करविला. पांच आठवडे लागले. मध्यें एक आठवडा असा गेला कीं, भाऊ रात्रीं फोन उचलतांना बोलत नसे, आणि मीहि पलीकडून लगेच बोलत नसें. वहिनी बऱ्या झाल्या. आज त्या शेतावर येतात.

गुळवेलीनेंच हें झालें असें मी शपथेवर सांगणार नाहीं. काढ्यांत दालचिनीहि होती, आणि एका माणसाच्या दुखण्यावरून वनस्पतीवर आरोप ठेवणें हें एका साक्षीदारावर फेरफार मंजूर करण्यासारखें आहे. म्हणून मीं दोन गोष्टी केल्या. पहिली, वही घेऊन राहिलेल्या तीस घरीं गेलों. दुसरी, कन्येच्या मदतीनें याविषयीं जें छापलें गेलें आहे तें वाचून घेतलें.

तीस घरांचा वृत्तांत थोडक्यांत असा. बहुतेकांस कांहीं अपाय झाला नव्हता, आणि त्यांतील निम्म्यांहून अधिकांनीं काढा महिन्याच्या आंत सोडला होता. एका मधुमेही गृहस्थांस दोनदां घाम सुटून हातपाय कांपूं लागले होते. ते साखर उतरविण्याच्या गोळ्या घेत व त्यावर काढाहि घेत. त्यांनीं हें कोणास सांगितलें नव्हतें, अशक्तपणा समजून गूळ खाल्ला होता. आणि एक घर असें निघालें कीं, तेथें माझी कांडी संपल्यावर मुलानें कुंपणावरची दुसरीच वेल तोडून आणली होती. मीं पाहिली तर ती वासनवेल! पानें लवदार, कांड शिसपेन्सिलीपेक्षां बारीक. तीन आठवडे सारें घर ती गुळवेल म्हणून पीत होतें. अपाय झाला नाहीं हें नशीब. पण शेतकऱ्याच्या घरांत ही चूक होते, तर शहरांत बाजारचें चूर्ण घेणाऱ्याची काय कथा?

आतां छापलेल्या गोष्टींकडे वळूं. प्रथम गुणांच्या बाजूनें, कारण ती बाजू पोकळ नाहीं. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांचे सहकारी यांनीं गुळवेलीवर पुष्कळ वर्षें काम केलें. पित्ताची वाट अडून झालेल्या काविळीच्या ३० रोग्यांवरचा त्यांचा प्रयोग १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. असे रोगी शस्त्रक्रियेच्या सुमारास रक्तांत जंतुदोष पसरून दगावतात. ज्यांना नेहमींच्या उपचारांबरोबर गुळवेल दिली त्यांच्यांत तो दोष कमी झाला व वांचणाऱ्यांचें प्रमाण वाढलें. नागपूरच्या वैद्यकांनीं २००५ सालीं ७५ रोग्यांवर आठ आठवडे प्रयोग केला. वावड्यामुळें येणाऱ्या शिंका, नाकाचें वाहणें व चोंदणें यांत गुळवेल घेणाऱ्यांस चांगला उतार पडला. जीर्ण ज्वर, आमवात, मधुमेह यांत वैद्य ती पूर्वापार देत आलेच आहेत. शरीराचें प्रतिकारबळ जागें करण्याचा तिच्यांत गुण आहे, एवढें यावरून दिसतें.

परंतु ज्या मुंबईंत काविळीच्या रोग्यांस ती उपयोगी पडली, त्याच मुंबईंतून २०२१ सालीं उलट बातमी आली. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत तेथील यकृततज्ज्ञांकडे सहा रोगी आले. सर्वांच्या यकृतास सूज होती, आणि सर्वांनीं गुळवेल घेतली होती. त्यांतील एक रोगी दगावला. पुढच्या वर्षीं देशांतल्या नऊ शहरांतील तेरा केंद्रांनीं मिळून ४३ रोग्यांचा वृत्तांत छापला. निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. गुळवेल सुरू केल्यापासून दुखणें दिसेपर्यंतचा मधला काळ सुमारें ४६ दिवसांचा होता. ज्यांचें यकृत आधींच जीर्ण रोगानें पोखरलें होतें, त्यांची स्थिति अधिक बिघडली. पुष्कळांच्या रक्तांत अशा खुणा सांपडल्या कीं, शरीराचें संरक्षक बळ स्वतःच्याच यकृतावर उलटलें आहे.

हें वाचल्यावर १९९३ चा व २०२१ चा विरोध मला तितकासा विरोध वाटला नाहीं. जें औषध प्रतिकारबळ जागें करतें, तें ज्याच्या अंगांत तेंच बळ आधींच बिथरलेलें आहे त्याच्याहि अंगांत तें जागें करील. राखणदारास भाकरी देऊन तरतरीत करावें हें खरें. पण तो घरच्याच माणसांना चोर समजूं लागला असेल तर ती भाकरी कोणत्या कामीं येईल? के. ई. एम. मधील रोगी रुग्णालयांत होते, डॉक्टरांच्या डोळ्यांखालीं होते, मोजलेलें औषध ठरल्या मुदतींत घेत होते. आमच्या वहिनी निरोगी असतांना, पुढें रोग होऊं नये म्हणून, मापाशिवाय आणि मुदतीशिवाय घेत होत्या. कांहीं प्रकारचे थायरॉईडचे रोगहि शरीर स्वतःवर उलटल्यामुळेंच होतात हें मला नंतर कळलें. वहिनींची गोळी त्याच रोगाची होती.

केंद्रसरकारच्या आयुष मंत्रालयानें जुलै २०२१ मध्यें मुंबईच्या वृत्तांतावर हरकत घेतली. रोग्यांनीं घेतलेली वनस्पति गुळवेलच होती हें तपासलें नाहीं. तिच्यासारखी दिसणारी, ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ या नांवाची दुसरी वेल असूं शकेल, आणि यकृतास अपाय त्या वेलीनें होतो, असें मंत्रालयाचें म्हणणें. पुढें मंत्रालयानें दोन्ही वेलींतला भेद दाखविणाऱ्या खुणाहि प्रसिद्ध केल्या. ही हरकत अगदीं टाकाऊ नव्हे. वासनवेलीची हकीकत वर दिलीच आहे. परंतु ४३ रोग्यांच्या दुसऱ्या वृत्तांतांत कांहीं नमुने मिळवून त्यांचें पृथक्करणहि केलें होतें, आणि माझ्यापुरतें बोलावयाचें तर वहिनींनीं जी घेतली ती गुळवेलच होती. तिच्या ओळखीबद्दल मला संशय नाहीं. चाळीस वर्षें ती मीं पाहिली आहे.

एक गोष्ट मात्र दोन्ही पक्षांनीं न बोलतां सोडली तरी आपण ध्यानांत घ्यावी. त्या वर्षीं काढा किती लोकांनीं घेतला याचा हिशेब कोणी ठेवला नाहीं. लक्षावधि लोकांनीं घेतला असेल. त्यांत ४३ म्हणजे फार थोडे, आणि अपाय विरळा असें म्हणण्यास जागा आहे. पण अशीं दुखणीं सगळींच मोठ्या रुग्णालयापर्यंत पोंचत नाहींत, व पोंचलीं तरी रोगी पाल्याचें नांव काढीत नाहीं. वहिनींनीं तीनदां विचारल्यावर काढलें.

ओळख कशी पटवावी हें शेतकऱ्यास शिकविण्याची जरूरी नाहीं असें वाटेल, तरी लिहितों. खऱ्या गुळवेलीचें पान हृदयाच्या आकाराचें, पिंपळपानाची आठवण देणारें पण शेंपटाशिवाय, गुळगुळीत व बिनलवेचें असतें. जुन्या कांडावर कागदासारखी पातळ साल असते. ती नखानें सोलली कीं आंत हिरवा गर दिसतो. सालीवर बारीक ठिपके असतात, पण बोटास लागतील असे टेंगूळ नसतात. आडवी कापली तर आंत गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. कापल्यावर दुधासारखा चीक येत नाहीं. उन्हाळ्यांत पानें झडल्यावर बारीक पिवळसर फुलें येतात. पुढें वाटाण्याएवढीं, वाटोळीं, पिकल्यावर लाल होणारीं फळें धरतात. क्रिस्पा नांवाच्या वेलीचें कांड राखी रंगाचें, अंगभर टेंगळांचें, कापल्यास चीक देणारें असतें, व तिचें फळ लांबट आणि नारिंगी. ती मुख्यतः आग्नेय आशियांतली असली तरी आपल्या देशांतहि कांहीं भागांत आढळते. आणखी एक भाईबंद आहे. त्याच्या पानांवर लव असते, एवढ्यावरून तो वेगळा काढतां येतो. लव, चीक, टेंगूळ : या तिन्हींपैकीं एक जरी दिसलें तरी ती कांडी देऊं नये.

लिंबावरची गुळवेल श्रेष्ठ, आणि काजऱ्यासारख्या विषारी झाडावरची घेऊं नये, असें वृद्ध सांगतात. पहिल्या गोष्टीविषयीं मी आग्रह धरीत नाहीं. दुसरी पाळण्यांत कांहीं खर्च नाहीं, म्हणून पाळावी.

ज्यांस पीक म्हणून हिच्यांत लक्ष घालावयाचें असेल त्यांच्यासाठीं थोडें. मिरगाच्या पावसावर, पेरें असलेल्या बोटभर जाड कांड्या लावल्या कीं ती लागते. आधारास लिंब किंवा शेवरी पुरते. खत-पाण्याचे लाड नकोत. अंगठ्याएवढें जाड झालेलें कांड काढावें, बुंध्याचा हातभर भाग राखावा, कांड्या तुकडे करून सावलींत वाळवाव्या. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर तालुक्यांत कातकरी तरुणांनीं वनधन योजनेखालीं गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कारखान्यांस पुरविली, व २०२१ सालीं त्यांच्या उद्योगाचें सरकारी पत्रकांतून कौतुक झालें. म्हणजे मागणी आहे. पण ती सांथीच्या भीतीनें फुगली होती हें विसरून कोणी चांगली जमीन अडकवूं नये. सत्त्वाचा धंदा करणाऱ्यांनीं तर जपून असावें. ठेचलेली वेल रात्रभर पाण्यांत ठेवून तळचा पांढरा साका वाळविला कीं सत्त्व होतें. तें फार थोडें निघतें, म्हणून बाजारांत पिठूळ भेसळीचें सत्त्व भरपूर मिळतें.

आतां घ्यावयाची कोणी व कशी. सरकारी आयुर्वेदीय औषधिकोशांत मात्रा दिली आहे : चूर्ण ३ ते ६ ग्रॅम, काढ्यासाठीं २० ते ३० ग्रॅम. वीतभर म्हणजे किती ग्रॅम, हें मीं त्या वर्षीं एकदांहि तोलून पाहिलें नाहीं. नंतर तोललें. जाड कांडाची एक वीत ७० ग्रॅम भरली, आणि बारीक कांडाची वीसहि भरली नाहीं. ओल्या वेलींत पाणी असतें हें खरें, तरीहि वीत हें माप औषधाचें नव्हे. रोग असेल तर जाणत्या वैद्यास नाडी दाखवून, त्यानें सांगितलेल्या मात्रेंत, त्यानें सांगितलेले दिवसच ती घ्यावी. रोग नसतांना महिनोगणती घेऊं नये. ज्याला पूर्वी यकृताचा विकार झाला आहे, जो दारू पितो, ज्याला सांध्यांचा, त्वचेचा किंवा थायरॉईडचा असा रोग आहे कीं जो शरीर स्वतःवर उलटल्यानें होतो, त्यानें डॉक्टरांस विचारल्यावांचून ती तोंडांत घालूं नये. गर्भिणीनें व अंगावर पाजणाऱ्या मातेनें घेऊं नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा टोंचणी चालू असेल तर साखर एकाएकीं उतरण्याचा धोका आहे. तसेंच शस्त्रक्रिया ठरली असेल तर ती घेत असल्याचें आगाऊ सांगावें. घेत असतां अन्नावरची वासना गेली, मळमळूं लागलें, लघवी तांबूस झाली, अंगाला खाज सुटली किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशीं बंद करावी. वाढवूं तर मुळींच नये.

वैद्यांपैकीं कोणी या लेखावर रागावतील. आमच्या तालुक्याचे एक वृद्ध वैद्य माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्याकडे मी हें सारें घेऊन गेलों तेव्हां मला वाटलें होतें कीं, ते मला बाहेर काढतील. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, ‘‘रावसाहेब, त्या एकतीस जणांपैकीं माझ्याकडे कितीजण आले?’’ मी म्हणालों, कोणीच नाहीं. ‘‘मग हा दोष आयुर्वेदाच्या नांवें कां मांडतां? तुमच्या नांवें मांडा.’’ मला हें लागलें. पण खोडून काढतां आलें नाहीं.

विहिरीजवळच्या लिंबावर ती वेल अद्याप आहे. भावानें एकदां कोयता घेऊन तोडावयास सुरुवात केली होती. वहिनींनींच त्यांना थांबविलें, वेलीनें काय केलें म्हणून. लोक अजूनहि मागावयास येतात, पूर्वीइतके नव्हे. निवृत्त झाल्यावर मीं नवी वही घातली. तींत तारीख, नांव व कांड्या यांच्या पुढें आणखी तीन रकाने आखले आहेत : कोणत्या रोगासाठीं, कोणी सांगितली, आणि घरांत घेणाऱ्याचीं दुसरीं औषधें कोणतीं. रकाने भरून झाल्यावर कांडी मी तोलून देतों. गेल्या वर्षांत अकराजण आले. त्यांतील चौघांना मीं रिकाम्या हातीं परत पाठविलें; त्यांपैकीं एकजण अजून माझ्याशीं बोलत नाहीं.